बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) प्रवेश : अकरावीपासून कॉलेजात रिपोर्टिंगपर्यंत कोणते काम केव्हा करायचे

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की पालक मुलांना घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "एवढ्या मार्कांत बीएएमएस मिळेल का?" मी मार्क बघण्याआधी कागदांची फाइल मागतो. त्यात नॉन-क्रीमीलेअर (उन्नत गटात नसल्याचे प्रमाणपत्र) मागच्या वर्षीचे निघते, जात पडताळणीची नुसती पावती असते, दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि आधारवर दुसरे असते. मार्क पुरेसे असूनही सीट हातची गेलेली मुले मी पाहिली आहेत. कारण बहुतेकदा एकच असते : कामे उलट्या क्रमाने झालेली असतात. म्हणून इथे फक्त क्रम सांगतो, आणि कुठे चुकते ते. नियमांचा मूळ आधार महाराष्ट्राच्या सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची) त्या वर्षीची माहिती पुस्तिका. ती प्रत्येकाने स्वतः वाचायचीच आहे.

टप्पा १ : आधी कोर्स ठरवा, मग फॉर्म

सीईटी सेलच्या प्रक्रियेत नीटच्या एकाच गुणांवर बरेच कोर्स असतात. पसंतीक्रम गटांनी भरायचा असतो : एका गटात एमबीबीएस आणि बीडीएस, दुसऱ्यात बीएएमएस, बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि बीयूएमएस (युनानी), तिसऱ्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवण-वाचा उपचार वगैरे. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्यात वेगळी सीईटी आहे. ती नीटमध्ये धरून बसू नका, तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

बीएएमएस साडेपाच वर्षांचे आहे : साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. साडेचार वर्षांचे तीन भाग, प्रत्येक दीड वर्षाचा. पहिल्या भागात संस्कृत, पदार्थविज्ञान, रचना शारीर, क्रिया शारीर आणि संहिता अध्ययन. दुसऱ्यात द्रव्यगुण, रसशास्त्र व भैषज्यकल्पना, रोगनिदान, अगदतंत्र, स्वस्थवृत्त. तिसऱ्यात कायचिकित्सा, पंचकर्म, शल्य, शालाक्य, प्रसूतितंत्र व स्त्रीरोग, कौमारभृत्य. बीएचएमएसही साडेपाच वर्षांचेच, पण त्याचा आयोग वेगळा, राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग. आयुर्वेद आणि युनानी हे भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाखाली येतात.

हे सगळे सांगायचे कारण असे की 'एमबीबीएस हुकले म्हणून बीएएमएस' असा विचार करून आलेली मुले पहिल्या दीड वर्षातच अडकतात. श्लोक पाठ करायचे आहेत, सूत्रांचा अर्थ लावायचा आहे, दोष-धातू-मल या भाषेत विचार करायला शिकायचे आहे. ते नको असेल तर फिजिओथेरपी उत्तम पर्याय आहे, त्याकडे कमीपणाने बघू नका. ठरवण्याआधी एक दिवस काढा. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात सकाळची ओपीडी बघा आणि पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी अर्धा तास बोला. घरात बसून चर्चा करण्यापेक्षा त्याने जास्त कळते.

*सावधान :* नीटशिवाय बीएएमएस, पत्राचाराने बीएएमएस, 'आयुर्वेद रत्न' अशा पदव्या, इलेक्ट्रोहोमिओपॅथीचे डिप्लोमा, यांपैकी कशावरही महाराष्ट्रात वैद्य म्हणून नोंदणी मिळत नाही. कोणी "अ‍ॅडमिशन करून देतो, नीट बघून घेऊ" म्हणाला तर तिथून उठा.

टप्पा २ : अकरावीतच करायची दोन कामे

पहिले काम विषयांचे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही हवेत. तीन विज्ञान विषयांची बेरीज खुल्या गटाला किमान ५० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाला ४० टक्के लागते. आमच्याकडे बायफोकल (व्यावसायिक) विषय घेण्याची पद्धत आहे, दोनशे मार्कांचा विषय सोपा जातो म्हणून. बायफोकल घ्या, पण त्यात जीवशास्त्र सुटत नाही ना, हे अकरावीच्या फॉर्मवर सही करण्याआधी बघा. बारावीत कळून उपयोग नाही.

दुसरे काम जात पडताळणीचे, आणि इथेच सर्वांत जास्त मुले अडकतात. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळे. पहिला प्रांत कार्यालयातून मिळतो, दुसरे जिल्हा जात पडताळणी समितीकडून. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी असते. राखीव जागेवर प्रवेशाला दोन्ही लागतात. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो. तो अकरावीच्या पहिल्या सहामाहीत टाका, कारण जुने पुरावे शोधण्यात महिने जातात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४, जुने खरेदीखत, जन्म-मृत्यू नोंदवही, जे सापडेल ते. वडिलांची, सख्ख्या चुलत्याची किंवा आत्याची वैधता आधी झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून पहिला फोन चुलत्यांना करा.

*तपासा :* पडताळणीच्या अर्जाची पोच हाती आहे का? समितीने त्रुटी काढली असेल तर ती ऑनलाइन दिसते. 'अजून आले नाही' म्हणत वाट बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची त्रुटी तशीच पडून असते.

टप्पा ३ : फाइल, नीटच्या आधी

परीक्षा मेच्या पहिल्या रविवारच्या सुमारास, निकाल जूनमध्ये. त्यानंतर सगळे एकदम सेतू केंद्रावर धावतात, सर्व्हर बसतो, तलाठी मिळत नाहीत. म्हणून फाइल मार्च-एप्रिलपर्यंत पूर्ण हवी. लागणारे कागद असे :

दहावीचे बोर्ड प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला पुस्तिकेतल्याच नमुन्यात, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र, बोर्ड बदलले असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र. आरक्षण घेत असाल तर जातीचा दाखला, वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर. आर्थिक दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस) असाल तर त्या आर्थिक वर्षाचे प्रमाणपत्र. फीसवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

यातल्या तीन गोष्टी नीट समजून घ्या.

नॉन-क्रीमीलेअरवर 'वैध दिनांक' असतो. २०२६-२७ च्या प्रवेशाला तो ३१ मार्च २०२७ पर्यंतचा हवा. दाखला आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तारीख वाचा.

राज्याचे आणि केंद्राचे नमुने वेगळे. सीईटी सेलला राज्याचा नमुना चालतो. केंद्राच्या समुपदेशनाला, म्हणजे केंद्राच्या प्रवेशप्रक्रियेला, केंद्रीय यादीचे ओबीसी प्रमाणपत्र आणि केंद्राच्या नमुन्यातले ईडब्ल्यूएस लागते. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही आजच काढा. मराठा समाजाचा एसईबीसी प्रवर्ग फक्त राज्याचा, केंद्रात तो नाही. भटक्या-विमुक्तांपैकी ज्यांची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे, त्यांना तिथे ओबीसी म्हणून अर्ज करता येतो. यादीत स्वतःच्या जातीचे नाव डोळ्यांनी बघून खात्री करा.

आणि नाव. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे, मग वडिलांचे. आधारवर उलटे. कुठे 'राव' आहे, कुठे नाही. आईचे नाव एकीकडे माहेरच्या रूपात. दहावीचे प्रमाणपत्र हा पाया धरा आणि बाकी कागद त्याला जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती आधी, जातीचा दाखला नंतर, कारण वैधता दाखल्यावरच्या नावाने येते आणि मग ती बदलणे फार अवघड.

टप्पा ४ : नीटचा अर्ज

अर्ज घाईने सायबर कॅफेत भरू नका. मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाचा किंवा पालकांचा हवा. कॅफेवाल्याचा नंबर टाकलेली मुले पुढे ओटीपीसाठी त्याच्या दुकानासमोर उभी असतात.

वय प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवे. प्रश्नपत्रिकेची भाषा अर्जातच ठरते. मराठी निवडली तर प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतात, मात्र मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. अनुवादाविषयी शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी म्हणूनच संज्ञा दोन्ही भाषांत पाठ कराव्यात : पेशीभित्तिका म्हणजे काय हे माहीत असणे पुरेसे नाही, इंग्रजी शब्द दिसला की तो ओळखू यायला हवा.

प्रवर्ग भरताना केंद्राची यादी धरा, कारण केंद्राच्या समुपदेशनात तोच पुढे जातो. राज्याच्या अर्जात प्रवर्ग पुन्हा स्वतंत्र विचारतात.

*तपासा :* अर्जाची छापील प्रत, फी भरल्याची पावती आणि नीटला वापरलेल्याच पासपोर्ट फोटोच्या आठ-दहा प्रती फाइलमध्ये. हेच फोटो पुढे लागतात.

टप्पा ५ : गुणांचा अर्थ लावणे

परीक्षा १८० प्रश्नांची, १८० मिनिटांची, ७२० गुणांची. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, बाकी दोन्हींचे ४५-४५. बरोबर उत्तराला ४, चुकीला १ वजा. आयुर्वेदाला जाणाऱ्या मुलांना मी एकच सांगतो : निम्मे गुण जीवशास्त्रात आहेत, तिथे एनसीईआरटीची ओळ सोडू नका. राज्य मंडळाचे पुस्तक वाचून बारावी निघते, नीट निघत नाही.

निकालावर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजतात. पात्रता ही पर्सेंटाइलवर (तुमच्या खाली किती टक्के मुले आहेत, त्यावर) : खुल्या गटाला ५०, राखीव प्रवर्गांना ४०. बीएएमएसलाही ही लागतेच. २०२४ मध्ये खुल्या गटाची पात्रता १६२ गुणांवर होती, २०२५ मध्ये तीच १४४ वर आली. यावरून दोन गोष्टी घ्या. पात्र झालात म्हणजे सीट मिळाली असे नाही. आणि मागच्या वर्षीच्या कटऑफशी यंदाचे गुण ताडून बघणे निरर्थक आहे. ताडायचाच असेल तर अखिल भारतीय क्रमांक किंवा राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक ताडा.

काही वर्षी जागा रिकाम्या राहिल्या म्हणून आयुषसाठी पर्सेंटाइल शेवटी खाली आणला गेला आहे. त्या आशेवर वर्ष काढू नका.

टप्पा ६ : दोन दारे, दोन अर्ज

राज्याच्या कोट्याचे दार म्हणजे सीईटी सेलची कॅप (केंद्रीभूत प्रवेश) प्रक्रिया. दुसरे दार केंद्राचे, आयुष प्रवेश केंद्रीय समुपदेशन समितीचे. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, राष्ट्रीय संस्था आणि अभिमत विद्यापीठे तिथून भरतात. पुण्यातले भारती विद्यापीठ हे अभिमत, त्यामुळे तिथल्या आयुर्वेदासाठी राज्याच्या यादीत शोधून सापडणार नाही.

नीट दिली म्हणजे दोन्हीकडे आपोआप नाव जाते, हा समज अजून आहे. जात नाही. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळ्या तारखा. राज्याच्या नोंदणीची खिडकी छोटी असते आणि ती चुकली तर पहिल्या फेऱ्या जातात.

राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवास लागतो. बदलीच्या नोकरीतल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यातून सूट आहे, पण ती ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर मिळते. बेळगाव, निपाणी, कारवार भागातल्या ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी मुलांसाठी सीमाभागाची स्वतंत्र तरतूद आहे. या मुलांनी नोंदणी करतानाच तो पर्याय निवडायचा, नंतर मागता येत नाही. गोव्यातल्या मुलांसाठी शिरोड्याच्या गोमंतक आयुर्वेद महाविद्यालयाचा प्रवेश गोव्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून होतो, तेव्हा तिथली पुस्तिका बघा.

*सावधान :* राज्याच्या अर्जात प्रवर्ग, समांतर आरक्षण (संरक्षण दल, अपंगत्व, डोंगरी भाग, अनाथ) नोंदणीतच मागायचे. गुणवत्ता यादी लागल्यावर "माझे राहिले" म्हणून चालत नाही.

टप्पा ७ : कॉलेज पारखणे

यादी करण्याआधी त्या वर्षी कॉलेजला राष्ट्रीय आयोगाची परवानगी आहे का आणि किती जागांची, हे आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. परवानगी वर्षावर्षाला मिळते, जागा कमी होतात, कधी नाकारली जाते. मागच्या वर्षी चुलतभावाला मिळाले होते, हा पुरावा नव्हे.

मग रुग्णालय. साठ जागांच्या कॉलेजला किमान ६० खाटांचे आणि शंभर जागांच्या कॉलेजला १०० खाटांचे रुग्णालय असावे लागते. कागदावर ते सगळ्यांकडे असते. म्हणून पंधरा दिवस आधी कळवून नको, साध्या मंगळवारी सकाळी दहाला जा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का, आंतररुग्ण विभागात पेशंट झोपलेले आहेत का, पंचकर्माच्या खोलीत तेलाचा वास आणि ओली फरशी आहे का, औषधी वनस्पतींच्या बागेत पाट्याच आहेत की झाडेही. शरीरशास्त्राच्या विभागात विच्छेदनासाठी देह आहे का, हे मुलांना विचारा. रुग्ण न बघता झालेला वैद्य पुढे दवाखान्यात पहिल्याच तापाच्या पेशंटपुढे गोंधळतो, आणि ते दुःख साडेपाच वर्षांनी कळते.

वरळीचे पोदार, नागपूर, नांदेड, धाराशिव, जळगाव इथली शासकीय आणि पुण्याचे टिळक यांसारखी अनुदानित महाविद्यालये फीच्या दृष्टीने वेगळ्याच वर्गात येतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि जाहीर करते. त्या आकड्याचा प्रिंट काढून ठेवा. कॅपिटेशन फी घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

टप्पा ८ : पसंतीक्रम

इथे जीव ओतून सांगतो, कारण ही चूक भरून निघत नाही.

संगणक गुणवत्ता यादीनुसार एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याची यादी वरून वाचतो. पहिली पसंती रिकामी असेल तर देतो, नसेल तर दुसरी बघतो. वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालची मिळण्याची शक्यता कमी होत नाही. म्हणजे वर 'अशक्य' वाटणारे कॉलेज टाकल्याने काहीही बिघडत नाही.

तरीही मुले 'सेफ' कॉलेज वर टाकतात. आमच्याच तालुक्यातल्या एका मुलीने घराजवळचे खासगी कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले, शासकीय कुठे मिळणार म्हणून ते चौथ्यावर. पहिल्या फेरीत तिला पहिली पसंती मिळाली. यादी लागल्यावर दिसले की तिच्या खालच्या क्रमांकाच्या मुलीला त्याच प्रवर्गातून ते शासकीय कॉलेज मिळाले होते. वडील शेतकरी. फीतला फरक त्यांनी साडेचार वर्षे भरला.

तेव्हा यादी अशी करा. कागदावर, घरातल्या सगळ्यांनी बसून. फक्त 'मला कुठे शिकायचे आहे' या क्रमाने. साधारणपणे शासकीय, मग अनुदानित, मग पारखलेली खासगी. प्रत्येक नावापुढे फी आणि घरापासूनचे अंतर लिहा. शेवटी प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारा, "हेच मिळाले तर जाणार का?" उत्तर नाही असेल तर ते नाव काढा. बीएचएमएस नको असेल तर त्याचे कॉलेज केवळ यादी लांब करण्यासाठी टाकू नका. मिळते आणि मग अडकता.

*तपासा :* भरलेला फॉर्म 'सबमिट' झाला की नुसता 'सेव्ह'? प्रिंटवर कॉलेजचा कोड आणि नाव दोन्ही जुळवा. सारख्या नावांची कॉलेजे बरीच आहेत.

टप्पा ९ : फेऱ्या आणि रिपोर्टिंग

सीट मिळाली की आधी कॉलेजला फोन करा : फी डीडीने की ऑनलाइन, डीडी कोणाच्या नावे, मूळ कागदांच्या किती झेरॉक्स, कार्यालय किती वाजेपर्यंत. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मूळ कागद तिथे जमा होतात, म्हणून प्रत्येकाच्या स्वसाक्षांकित प्रतींचे तीन संच आणि स्कॅन आधीच करून ठेवा.

मग निर्णय. मिळालेल्या सीटवर समाधानी असाल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरून द्यायचा, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. वरची पसंती हवी असेल तर प्रवेश घ्या पण रिटेन्शन भरू नका. मात्र पुढच्या फेरीत वरचे मिळाले की आधीची सीट त्याच क्षणी गेली, परत येता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीआधी यादी पुन्हा वाचा : ज्या कॉलेजसाठी हातातले सोडणार नाही, ते वर राहता कामा नये.

कोणत्या फेरीत हजर न झाल्यास काय होते आणि कोणत्या तारखेनंतर सीट सोडली तर किती रक्कम भरावी लागते, हे पुस्तिकेत आणि फेरीच्या सूचनेत दिलेले असते. ते वाचल्याशिवाय सीट सोडण्याचा अर्ज देऊ नका. शेवटच्या स्ट्रे (उरलेल्या जागांच्या) फेरीचे नियम सर्वांत कडक असतात.

टप्पा १० : फीसवलत

कॅपमधून प्रवेश झाला तरच महाडीबीटीच्या (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या) योजना लागू. संस्थात्मक कोट्यातून (कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याच्या जागांतून) घेतला तर नाही. हे प्रवेशाआधी कळायला हवे, नंतर नव्हे. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकार शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, बँक खाते आधारला जोडलेले हवे, आणि कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज पुढे गेला की नाही हे दर आठवड्याला बघा. अर्ज कॉलेजच्या टेबलावर पडून राहिल्यामुळे वर्षभराची रक्कम बुडालेली मुले माझ्या ओळखीत आहेत.

प्रवेश पक्का झाला की दोन कामे उरतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पात्रता नोंदणी कॉलेजने वेळेत पाठवली का, ते विचारा. आणि कॉलेजात जमा केलेल्या मूळ कागदांची सही-शिक्क्याची पोचपावती घ्या. ती पावती फाइलच्या पहिल्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत.